ओझरचं मिग, ठाण्याचा पाऊस

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत हजर. हवामान खात्याच्या नोंदीत इतक्या लवकर तो याआधी कधी आलेला नाही. माझं वर्षाचं गणित तिथेच फिसकटलं. प्लास्टिकची छोटी मॉडेल विमानं जोडणं हा माझा छंद. मेअखेरपर्यंत त्यांची एअरब्रशने रंगफवारणी उरकायची आणि पावसाळाभर जोडणी, घासणी, लांबी (पुटी) भरणं असली कोरडी-ओली कशीही चालणारी कामं काढायची, हा माझा नेहमीचा शिरस्ता. या वर्षी एकही विमान रंगापर्यंत पोचलेलं नाही.

टेबलावर तीन संचांचे डबे उघडे आहेत. पहिला मिग-२१ या लढाऊ विमानाचा एफएल प्रकार, १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा, चेक बनावटीचा. दुसरा पीटी-७६ रणगाडा, १:३५, ज्याच्या साखळ्यांचे तुकडे गेल्या दिवाळीपासून पुडीतच आहेत. तिसरा लेकीचा गुंडम, जपानी यंत्रमानव. तो माझा नव्हे, पण त्यासाठी नीपर (भाग कापायची कात्री) माझा पळवला जातो, म्हणून नोंद.

मिगचा बेत ठरलाय. १२ डिसेंबर १९७१ला ४७ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनींनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते एफएलमधूनच. एफएलच्या पोटात स्वतःची तोफ नव्हती. जीपी-९ नावाचा पॉड, म्हणजे तोफेची पेटी, खाली लटकवायचे, त्यात दुनळी जीएसएच-२३ तोफ. मला त्या लढाईतलं एखादं थकलेलं विमान करायचंय: चकचकीत धातूवर घाईत फासलेला हिरवा, तो जागोजागी उडालेला, पोटाखाली तोफेची काजळी, तेलाचे ओघळ. सध्या आम्हा मॉडेलवाल्यांत जितकं मळकं तितकं खरं असं चालतं, आणि मीही त्याच पंथातला.

८ जून, रविवार

भांड्यांच्या साबणाने स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यात जोडून येतात त्या चौकटी, धुऊन वाळत घातले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर पुढे रंग सोलतो. बायकोने विचारलं, दोरीवर हे काय टांगलंय. धुणं म्हटलं.

संच कमी नगांच्या साच्यातला आहे, म्हणजे जोडाला खुंट्या नाहीत आणि खाचा नाहीत. धडाचे दोन अर्धे हवेत धरायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. त्यावर उपाय म्हणजे आतल्या कडेला अर्धा मिलिमीटर प्लास्टिक शीटच्या पट्ट्या चिकटवायच्या, आलटून पालटून, एक डाव्या अर्ध्याला, पुढची उजव्या. मग दोन्ही अर्धे एकमेकांत बसतात आणि पायरी येत नाही. असे नऊ तुकडे लावले.

चिकटवायला तामिया एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाचा. नवीन मंडळी याला गोंद समजतात आणि दोन्ही कडांना लावून मग दाबतात. हा गोंद नव्हेच, पॉलिस्टायरीन विरघळवणारं द्रावण आहे. आधी जोड घट्ट धरायचा, ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. दहा-पंधरा सेकंदांनी किंचित दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक कडा वर येतो. तो लगेच पुसायचा नाही. दोन दिवसांनी ब्लेडने खरवडला की खाली फट उरलेली नसते.

नऊपैकी एक पट्टी उलटी लागली आहे. शेपटीपाशी पायरी राहणार.

१५ जून, रविवार

पायरी राहिलीच. ०.३ मिलिमीटर असेल, पण बोट फिरवलं की कळते.

आता लांबी की फेविक्विक, हा जुना वाद. लांबी सुकताना आतला द्रव उडून जातो आणि ती बसते. आज सपाट दिसलेला जोड महिन्याभराने पुन्हा रेघ दाखवतो. शिवाय ती सच्छिद्र असते, रंग थोडा जास्त पिते. हिरव्या-खाकी विमानावर कुणाला पत्ता लागत नाही, धातूच्या रंगाखाली मात्र तो जोड भुतासारखा उभा राहतो. म्हणून फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून टूथपिकने भरली. अट एकच, तासाभरात घासायचं. रात्रभर ठेवलं तर ती भर प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं, भर तशीच उंच राहते. २०२२ साली एका सी हॉक विमानाचं नाक मी असं चपटं केलंय.

वॉटर पेपर ४००, मग ६००, ८००, १०००. पाण्यात बुडवून. जांभळी नाक्यावरच्या रंगाच्या दुकानात पत्र्याएवढा कागद मिळतो, हॉबीवाल्यांच्या इवल्याशा पाकिटाच्या किमतीत दहा येतात.

२२ जून, रविवार

उडालेल्या हिरव्या रंगाची चाचणी. बळीचा बकरा म्हणून एका जुन्या मोडक्या विमानाचा पंख.

पद्धत अशी: खाली चंदेरी, त्यावर केसांना मारतात तो हेअर स्प्रे, तो वाळला की वरून पाण्यातला अॅक्रिलिक हिरवा. मग कोमट पाण्याने ब्रश ओला करून घासायचं. पाणी हिरव्यातून आत झिरपतं, हेअर स्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे टवके निघतात, खालचा धातू उघडा पडतो. हिवाळ्यात हे दहा मिनिटांचं काम.

आज आर्द्रतामापकावर ८९. हेअर स्प्रे वाळलाच नाही. तासाने बोट लावलं तर गुळाच्या पाकासारखा चिकट. तरी हिरवा मारला, तर टवक्यांऐवजी शेवाळ उतरावं तशी अख्खी कातडी निघून आली. लेक म्हणाली, "बाबा, हे मस्त आहे, कुष्ठरोगी विमान."

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्याची खिचडी, वर वाटीभर दही, आणि दुपारभर रेघा.

घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, पुन्हा कोरल्या. नावं छापायची ती जाड डायमो पट्टी कडेला चिकटवायची आणि तिच्या आधाराने सुई ओढायची. पहिल्या दोन फेऱ्या अगदी हलक्या, सुईच्या वजनाने, जोर तिसरीपासून. पहिल्याच फेरीत जोर दिला की सुई आपल्या मनाने वाट काढते. वॉश (रेघांत उतरणारा पातळ गडद रंग) नीट धरावा म्हणून यंदा मुद्दाम खोल कोरल्या. चार तास गेले, मान धरली. पण छान दिसतंय, एकेक पत्रा सुटा वाटतोय.

१८ जुलै, शुक्रवार

नाशिकहून मामा आले. मोतीबिंदू, आधी उजवा डोळा. मंगळवारी शस्त्रक्रिया. त्यांना माझ्या खोलीतला पलंग दिला, म्हणजे महिनाभर टेबलाशी रात्री बसता येणार नाही. कंप्रेसर तर विसराच.

मामा ओझरचे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४चा, मिगसाठीच उभारलेला. नाशिकला जुने लोक त्याला नुसतं 'मिग' म्हणतात. मामा आयटीआय करून सत्तरच्या सुमारास फिटर म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं हे वेड त्यांना ऐकून माहीत आहे, बघितलेलं नाही.

२७ जुलै, रविवार

बघितलं.

काळा चष्मा वर करून, उजव्या नव्या डोळ्याने. आधी कपाटातली तयार विमानं. माझं सर्वांत कौतुकाचं मिग-२१ बिस, म्हणजे नंतरचा प्रकार, हातात दिलं. त्यावर मी दोन महिने काळे वॉश, तपकिरी ओघळ, पेस्टलची धूळ घातली होती.

"हे जळालंय का रे?"

"नाही मामा, वापरातलं आहे. वेदरिंग म्हणतात त्याला."

"वापरातलं? आमच्याकडे ओव्हरहॉलला यायची ना विमानं, ती वापरातलीच असायची. इतकं घाण एकसुद्धा बघितलं नाही. अरे, रोज पुसतात. तेल दिसलं की आधी पुसायचं, कारण पुसल्याशिवाय गळती कुठून आहे ते कळणार कसं?"

हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. पुसणं म्हणजे टापटीप नव्हे, तपासणी आहे.

मग टेबलावरचं एफएल उचललं. अजून राखाडी प्लास्टिकच. त्यांनी काचेकडे बघून लगेच ओळखलं: "ही सत्त्याहत्तर ना?" टाइप ७७, एफएलचं आपल्याकडचं नाव. पुढची काच आणि छत एकाच तुकड्यात, बिजागरी पुढे. नंतरच्या मॉडेलांत पुढची काच वेगळी आणि छत बाजूला उघडतं. मामा सांगत होते की ते लागले तेव्हा सत्त्याहत्तरचं काम चालूच होतं.

आणि मग त्यांनी नखाचं टोक माझ्या आषाढीच्या रेघेत घातलं.

"दोन पत्र्यांमधली फट आम्ही अशी नखाने बघायचो. नख अडकलं की परत. ही तर नाली आहे."

मी हिशेब केला. माझी रेघ साधारण ०.२ मिलिमीटर. गुणिले ७२, म्हणजे १४.४ मिलिमीटर. खऱ्या विमानावर त्या फटीत अंगठा गेला असता. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाला अंगठ्याएवढ्या फटी, त्याही अंगभर! आणि त्या मी चार तास मान मोडून वाढवल्या होत्या.

रात्री बराच वेळ मामा बोलत होते. हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत करायची. एक पाना कमी भरला तर सगळं थांबायचं, कारण तो विमानाच्या पोटात राहिला असेल तर कुणाचा तरी जीव जाईल. शेवटी म्हणाले, "लढाईतलं कशाला करतोस? ते तू बघितलंय का, मी बघितलंय का? आमच्या गेटातून निघालं तसं कर. ते मला सांगता येईल."

बेत बदलला. हिरवा नाही, काजळी नाही, पॉडसुद्धा नाही. ओझरहून निघालेलं कोरं सत्त्याहत्तर, उघड्या धातूचं. म्हणजे लपवायला काहीच उरलं नाही. चिखल फासून शेपटीची पायरी झाकता आली असती.

२९ जुलै, मंगळवार

मिस्टर सर्फेसर ५०० हा दाट प्रायमर ब्रशने रेघांत भरला. आषाढीचं पुण्य बुजवायला पाऊण तास.

३ ऑगस्ट, रविवार

धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा लागतो. वरचा थर इतका पातळ असतो की त्याची चमक खालच्या काळ्यातूनच येते. काळा आरसा असेल तर धातू आरसा, काळा खरबरीत तर धातू राख.

आर्द्रता ८६. मारू नये हे माहीत होतं. मारला. पहिले पाच मिनिटं ओलं, सुंदर, ट्यूबलाइट जशीच्या तशी दिसत होती. मग पंखाच्या मुळापासून पांढुरकी साय पसरत गेली. पंधरा मिनिटांत काळं विमान ताकाच्या रंगाचं.

कारण साधं आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि ठाण्याच्या हवेतलं पाणी त्या गार पृष्ठभागावर दव पडावं तसं बसतं. ते रंगात अडकलं की दूध.

वर आणखी एक. कंप्रेसरच्या टाकीखालची चावी उघडली तर चहाच्या चमच्याने तीन चमचे पाणी निघालं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि तापलेल्या कंप्रेसरमधून ते वाफ होऊन नळीत जातं, नळी गार झाली की थेंब. पाणी अडवणारा गाळणीचा पेला मी कंप्रेसरला लावला होता. तो तिथे नको, एअरब्रशजवळ हवा. मधली दोन मीटर नळीच पाणी तयार करते.

५ ऑगस्ट, मंगळवार

कोलशेतला एका गॅरेजात गाड्या रंगवणारा एकजण ओळखीचा आहे. त्याला फोटो दाखवला. हसला. "साहेब, जुलै-ऑगस्टला मी पण डुकोचं, गाडी रंगवायचं काम घेत नाही. घ्यायलाच लागला तर रिटार्डर घालतो." रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा थिनर. त्यामुळे गारठा कमी बसतो आणि अडकलेल्या पाण्याला निघायला वेळ मिळतो. जे दुधाळ झालंय त्यावरही नुसता रिटार्डर हलका फवार, रंग पुन्हा मऊ होईल, पाणी निघून जाईल. पाव बाटली त्याने तशीच दिली, पैसे घेईना.

घरी येऊन केलं. साय गेली! नाकाजवळ मात्र जास्त पडला आणि ओघळ आला. तो वाळवून घासायचा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. लोकल बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं आणि दुपारी दोनला वीज गेली, म्हणजे तेही नाही.

मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवून विमान घासायला घेतलं आणि लक्षात आलं की हाच खरा उजेड. वरून पडणाऱ्या दिव्यात जे गुळगुळीत वाटतं त्याचे सगळे ओरखडे आडव्या उजेडात सावल्या टाकतात. शेपटीची पायरी पुन्हा दिसली, पंखाच्या खाली ४०० नंबरच्या कागदाच्या रेघा, ज्या ८००ने गेल्या नव्हत्या. २०००, मग ३०००, शेवटी दात घासायच्या पेस्टने सुती कापडावर. वीज आली रात्री नऊला. आली नसती तरी चाललं असतं.

याच टॉर्चने मागे पुढच्या चाकाचा दरवाजा सापडला होता, फरशीवर लांब सावली टाकून बसलेला. युक्ती मामांचीच: वस्तू शोधू नकोस, सावली शोध.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

टेबल मखराला दिलं. सगळं सामान पलंगाखाली. फवारणीच्या खोक्याला लावलेला स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा सासूबाईंनी मोदकांची वाफ जायला परत मागितला, तो दिला. लेकीने मखराच्या पुठ्ठ्याच्या खांबांना माझ्या एअरब्रशने सोनेरी मारला आणि माझ्यापेक्षा एकसारखा मारला. नोझल ०.३चं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः रंग पातळ केला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. घर रिकामं रिकामं, आणि मला टेबल परत.

आज धातू. सकाळी दोन तास बेडरूमचा एसी ड्राय मोडवर, दारं बंद, आर्द्रता ६१वर आणली. कंप्रेसर बाहेर पॅसेजमध्ये, नळी दाराखालून, पाण्याचा पेला एअरब्रशच्या गळ्याशी. टाकी दर दहा मिनिटांनी रिकामी.

अॅल्क्लॅड एअरफ्रेम अॅल्युमिनियम. हा धातूसारखा दिसणारा तयार रंग. पातळ करायचा नाही, बाटलीतून येतो तसाच. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर दोन-तीन इंच, आणि हात थांबवायचा नाही. पहिल्या फेरीत वाटतं काही होतच नाही, काळ्यावर धुरकट राखाडी. दुसऱ्या फेरीला अचानक धातू येतो. इथेच थांबायचं असतं. तिसरी फेरी मोहाची: जास्त मारलं तर चमक मेली आणि साधा चंदेरी रंग उरला, पत्र्याच्या पेटीला लावतात तसा.

डाव्या पंखाखाली मी तिसरी मारली. उजव्या पंखाखाली नाही मारली. फरक दिसतो. वरच्या बाजूला दोन्हीकडे दोनच.

फिरवून फिरवून बघत बसलो. पंखांचा विस्तार खऱ्याचा ७.१५ मीटर, म्हणजे माझ्या हातात दहा सेंटिमीटरला जरासं कमी. तळहातावर मावतं. एवढ्याशा वस्तूने तीन महिने खाल्ले.

१३ सप्टेंबर, शनिवार

मामा दुसऱ्या डोळ्यासाठी परत आले. डावा अजून व्हायचा आहे, सोमवारी.

त्यांच्या हातात हातमोजे घालूनच विमान दिलं, म्हणजे हातमोजे त्यांना घातले. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा.

"या डोळ्याने चांदी दिसते. या डोळ्याने पितळ."

मोतीबिंदू आलेली नेत्रभिंगं पिवळसर होतात, निळा उजेड अडवतात, हे डॉक्टरने त्यांना समजावलं होतं. पण असं समोरासमोर ऐकायला मजा आली. मी रंगांच्या बाटल्यांवरून वाद घालतो आणि इथे एकाच माणसाचे दोन डोळे एका विमानाबद्दल सहमत नाहीत.

चांदीच्या डोळ्याने पुढची तपासणी झाली. म्हणाले, सगळं एकाच रंगाचं केलंस. पत्रा सगळीकडे एक नसतो, मिश्रधातू वेगळा, जाडी वेगळी, आणि शेपटीकडे उष्णता लागते तिथे तर वेगळंच. कुठला पत्रा कसा, ते विचारलं तर दोन-तीन जागा खात्रीने दाखवल्या आणि बाकीच्यांना "आठवत नाही" म्हणाले. मी तेवढ्याच करणार. नाहीतर मॉडेलवाले दर दुसरा पत्रा गडद करून बुद्धिबळाचा पट करतात. तो मोह मलाही होता.

१४ सप्टेंबर, रविवार

मास्किंग. अॅल्क्लॅडवर टेप लावायला आठवडा जाऊ दिला तरी धाकधूक. टेप आधी हाताच्या पाठीला चार वेळा चिकटवून तिची पकड मारली. मामांनी दाखवलेले पत्रे डार्क अॅल्युमिनियमने, फक्त एक पातळ फेरी, फरक डोळा तिरका केला तरच दिसावा इतका. शेपटीचं टोक स्टील नावाच्या छटेचं, आतून जेट एक्झॉस्ट नावाच्या. नाकाचा कोन आणि शेपटीचं वरचं टोक हिरवं: आत रेडार आणि अँटेना, म्हणून तिथे धातू नाही.

टेप काढताना एका जागी नखाएवढं अॅल्युमिनियम उचकटलं, काळा उघडा पडला. पंखाखाली, त्या तिसऱ्या फेरीच्याच डाव्या बाजूला. तिथे जाड थर होता, म्हणूनच उचकटला. पुन्हा मारून झाकलं.

पिटोची (वेग मोजायला नाकातून पुढे निघणारी) नळी मामांच्या इन्सुलिनच्या सुईतून. नवी, न वापरलेली. पिटो खऱ्याचा टप्प्याटप्प्याने निमुळता होत जातो, म्हणून २४ गेजच्या सुईच्या पोकळीत ३१ गेजची सुई फेविक्विकने बसवली. बाहेरची ०.५७ मिलिमीटर, आतली ०.२६. प्लास्टिकची आलेली नळी काडीपेटीच्या काडीसारखी होती, ती फेकली. हा पिटो नाकाच्या वरच्या ओठाला लागतो. आधीच्या एफ-१३ला तो खाली होता, नंतरच्या एमएफला उजवीकडे सरकला. संचातल्या चित्रावर भरवसा न ठेवता एवढं तपासून घ्यावं.

मामा बघत होते. "आमची सुई कामाला आली म्हणायची."

२१ सप्टेंबर, रविवार

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं. डब्यातलं डेकलपत्र पिवळट पडलेलं. एरवी पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं की उन्हाने दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. जूनपासून चिकटवून ठेवलंय. ठाण्यात जूनपासून ऊन किती पडलं ते विचारू नका. थोडं उतरलं, बाकीची पिवळी कड कात्रीने छाटली.

धातूवर डेकल चढवण्यातली भीती म्हणजे खाली हवा अडकून येणारी चंदेरी झाक. म्हणून जिथे डेकल तिथेच ग्लॉस वार्निश, बाकी अंग उघडं. मायक्रो सेट हे चिकटवायचं द्रावण खाली, सरकवून जागेवर, कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबून पाणी काढलं, मग वरून डेकल मऊ करणारं मायक्रो सोल. सोल लागला की डेकल सुरकुततो आणि जीव वर येतो. हात लावायचा नाही! चहा करून यायचं. आलो तर सपाट, रेघेत बसलेला. केशरी बाहेर, हिरवा आत, आणि सी-ने सुरू होणारा क्रमांक.

वॉश नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा एका विमानाला वॉश नाही. रेघा आहेत, पण शोधाव्या लागतात. काळ्या बाटलीकडे दोनदा हात गेला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकली. मामांचा दुसरा डोळा झालाय, तपासणी कालच आटोपली. सकाळपासून दोघं टीव्हीसमोर. चंदिगडला मिग-२१ची शेवटची उड्डाणं. २३ स्क्वाड्रनची विमानं, हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः चालवत होते. १९६३ साली पहिलं स्क्वाड्रन, २८वं, उभं राहिलं तेही चंदिगडलाच. ६२ वर्षं. उतरल्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे.

मामा काही बोलले नाहीत. मध्येच एकदा म्हणाले, "ते बघ, पुसलेलं आहे." मग विमान मागितलं. मी विसरलो आणि हातमोजे न देताच दिलं. दोन्ही डोळ्यांनी बघत होते, बराच वेळ. पोटाखालून, शेपटीकडून, आणि मग नाकाकडून, एक डोळा मिटून, पत्र्याची रेषा बघतात तसं.

"शेपटीला पायरी आहे."

आहे. टॉर्चमध्ये दिसली ती, मी सोडून दिली होती.

"इन्स्पेक्शनला काय सांगणार?"

"पास करा मामा."

"शेरा मारून पास."

परत घेतलं तर उजव्या पंखावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा, स्वच्छ, रेघन्‌रेघ. ठेवावा का असं क्षणभर वाटलं. त्यांनीच खिशातून रुमाल काढून पुढे केला. घामातल्या मिठाने रंगावर डाग धरतो, म्हणून किंचित ओल्या सुती कापडाने टिपला, घासला नाही. गेला.

५ ऑक्टोबर, रविवार

मिग कपाटात. डब्याच्या तळाला सिलिका जेलची पुडी, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत. उरलेलं: मागच्या चाकाचा एक दरवाजा किंचित वाकडा आहे, सोडतोय. जीपी-९ पॉड सुट्या भागांच्या डबीत, चिठ्ठी लावून.

बिस कपाटातून बाहेर काढलंय. त्याचे ओघळ स्पिरिटने उतरतात का ते पंखाच्या खालच्या कोपऱ्यावर बघितलं. ऑइल पेंटचे उतरतात, वार्निशखालचे नाही.

पीटी-७६च्या साखळ्या घेतल्या. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरच्या लढाईत नोव्हेंबर १९७१मध्ये ४५ कॅव्हलरीचे हेच रणगाडे होते. चिखलाचं काम, तिथे मळ लागेलच, बंगालची ओली माती. डावीकडचे कडीतुकडे सुटे केले, मोजले. पुडीत सांगितल्यापेक्षा दोन कमी. टॉर्च फरशीवर आडवा ठेवलाय, पलंगाखाली अजून बघायचंय.